पेन्शन तर आहेच ना त्यांना? : एका रुग्णालयाने घेतलेले तीन माजी सैनिक

मुंबईच्या पश्चिम उपनगरातलं एक खासगी रुग्णालय. तीनशेच्या आसपास खाटा, वर नऊ मजले, खाली दोन तळघरं. काही काळापूर्वी त्यांनी एकदमच तीन माजी सैनिक कामावर घेतले. नौदलातला एक चीफ पेटी ऑफिसर (नौसैनिकांमधला वरचा हुद्दा, पुढे नुसतं ‘चीफ’) इंजिनिअरिंग विभागात, पायदळातला एक हवालदार गेटवर सुरक्षा सुपरवायझर म्हणून आणि आर्मी ऑर्डनन्स कोअरमधला, म्हणजे लष्कराला दारूगोळा आणि सामान पुरवणाऱ्या विभागातला, दुसरा हवालदार औषधांच्या स्टोअरमध्ये. गेटवरचा हवालदार चार महिन्यांत राजीनामा देऊन गेला. चीफ जायच्या बेतात होता. स्टोअरमधल्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती, त्याचीही नव्हती. या टप्प्यावर रुग्णालयाच्या एचआर मॅडमनी मला सल्ल्यासाठी बोलावलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण व्यवहार झाला तो असाच.

मुळात माजी सैनिक का हवे होते

कारण आगीचं होतं. डिसेंबर 2018 मध्ये मरोळच्या कामगार रुग्णालयाला आग लागली, तेव्हापासून मुंबईतली रुग्णालयं जरा सावध झाली होती. 2021 ने तर झोपच उडवली. 9 जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं गेली. मार्चमध्ये भांडुपच्या मॉलमधलं रुग्णालय, एप्रिलमध्ये विरारचा अतिदक्षता विभाग, आणि त्याच्या दोनच दिवस आधी नाशिकमध्ये ऑक्सिजनच्या टाकीची गळती. विश्वस्तांच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, ‘फौजी माणसं घ्या. शिस्त येईल.’ सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढच्या बऱ्याच गोष्टींचं मूळ मला या एका वाक्यात दिसतं. शिस्त ही काही भरायची जागा नव्हे. एसीसाठी पाणी गार करणारा चिलर प्लँट कोण चालवणार, औषधांची मुदत कोण बघणार, भेटीच्या वेळेत गर्दी कोण आवरणार, या जागा असतात. ‘शिस्त हवी’ म्हणून माणूस घेतला की तो कुठे बसवायचा हे कुणी ठरवत नाही, आणि मुंबईत मग त्याला गेटवर उभं केलं जातं. याला एक रुळलेली वाटही आहे. खासगी सुरक्षा एजन्सींच्या 2005 च्या केंद्रीय कायद्यात माजी सैनिकांना नोकरीत प्राधान्य द्यावं असं म्हटलं आहे. त्या कायद्याखालच्या नमुना नियमांत साध्या रक्षकाला 160 तासांचं प्रशिक्षण लागतं, माजी सैनिकाला त्याच्या जवळपास एक-तृतीयांशच पुरतं. म्हणजे एजन्सीला तो सोयीचा. त्यामुळे बावीस-चोवीस वर्षं रडार सांभाळलेला, रणगाड्याची इंजिनं उघडलेला माणूसही सोसायटीच्या रजिस्टरमध्ये स्विगीवाल्याचा नंबर लिहिताना दिसतो. त्या कामात कमीपणा नाही. पण त्याला येत असलेल्या इतर शंभर गोष्टी तिथे वाया जातात.

देशात दरवर्षी साधारण साठ हजार माणसं तिन्ही दलांतून निवृत्त होतात आणि त्यांतली बहुतेक पस्तीस ते पंचेचाळीस या वयातली असतात. मुलं शाळेत, आई-वडील म्हातारे, आणि पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी. बरोबरीच्या इतर लोकांचा पगार ज्या वयात वर सरकायला लागतो, त्याच वयात यांचा अर्धा होतो. सरकारी नोकरीत त्यांच्यासाठी जागा राखीव आहेत: केंद्राच्या गट क मध्ये 10 टक्के, सरकारी बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत शहीद जवानांचे आश्रित आणि अपंग माजी सैनिक धरून 14.5 टक्के. खासगी मालकावर असं काहीही बंधन नाही. तो घेतो तो स्वतःच्या गरजेने, म्हणून गरज नेमकी कोणती हे त्याला आधी कळायला हवं.

पहिली जाहिरात

रुग्णालयाने नोकरीच्या एका वेबसाइटवर जाहिरात टाकली. ‘माजी सैनिकांना प्राधान्य’ ही ओळ वर, आणि खाली नेहमीच्या अटी: पदवी आवश्यक, पंधरा दिवसांत रुजू होणारा हवा, रुग्णालयाचा अनुभव असल्यास उत्तम. अर्ज आले ते बहुतेक सुरक्षेसाठी. इंजिनिअरिंगला दोन-तीन आले असतील, तेही पदवीच्या चाळणीत अडकले.

इथे दोन गोष्टी एचआरला ठाऊक नव्हत्या. एक पदवीची. मॅट्रिक होऊन पंधरा वर्षं सेवा केलेल्या सैनिकाला गट क च्या नोकऱ्यांसाठी पदवीच्या तोडीचा मानतात आणि तसं प्रमाणपत्रही त्याच्या फाइलमध्ये असतं. पण खासगी वेबसाइटच्या चाळणीला ते दिसत नाही, तिथे बी.ए. किंवा बी.ई. अशी खूण करायचा रकाना असतो. दुसरी गोष्ट तारखेची. सैनिकाची निवृत्तीची तारीख त्याला खूप आधीपासून माहीत असते. शेवटचे महिने सुट्टी, पुनर्वसनाचा कोर्स, कागदपत्रं यांत जातात. चांगला माणूस हवा असेल तर त्याला सहा महिने आधी गाठावं लागतं. पंधरा दिवसांत रुजू होऊ शकतो तो बहुधा निवृत्त होऊन वर्ष-दोन वर्षं झालेला आणि मधे एका एजन्सीत कंटाळलेला.

मग त्यांनी बरोबर दारं ठोठावली. दिल्लीचं पुनर्वसन महासंचालनालय रोजगार मेळावे भरवतं. लष्कराची आणि नौदलाची नोकरी मिळवून देणारी आपापली यंत्रणा आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांची नोंदणी असते. नौदलाचं तर असं की सगळ्या देशातल्या नौसैनिकांच्या सेवेचा हिशेब ठेवणारी कचेरी मानखुर्दलाच आहे. कुठल्याही जहाजावरचा नौसैनिक निवृत्त होताना त्याचा कागद मुंबईतून फिरतो, आणि मुंबईतल्या मालकांना तंत्रज्ञ मिळत नाहीत अशी ओरड! या वेळी पत्रात ‘माजी सैनिक हवेत’ असं मोघम न लिहिता काम लिहिलं: ‘चिलर, डिझेल जनरेटर, आरओ प्लँट आणि फायर पंप चालवू शकणारा शिफ्ट इन्चार्ज.’ तीन आठवड्यांत सहा नावं आली.

तळघरातली मुलाखत

या प्रकरणात रुग्णालयाने सगळ्यात चांगलं काय केलं, तर चीफची दुसरी मुलाखत खोलीत घेतली नाही.

चीफची पहिली मुलाखत नेहमीसारखी झाली होती आणि ती फसली होती. मॅडम विचारत, तुमचं सगळ्यात मोठं यश कोणतं? तो सांगे, आमच्या डिपार्टमेंटने अमुक केलं. तुम्ही स्वतः काय केलंत? पुन्हा ‘आम्ही’. सध्याचा पगार वर्षाला किती धरायचा, यावर तर तो गप्पच झाला. मूळ पगार, महागाई भत्ता, दरमहा 5,200 रुपयांचा मिलिटरी सर्व्हिस पे, रेशन, क्वार्टर, जहाजावर असतानाचे भत्ते, कँटीन, मुलांची शाळा. याची एक रक्कम करून सांगायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. मॅडमनी शेऱ्यात लिहिलं, ‘आत्मविश्वास कमी.’ मुलाखत घेणाऱ्या दुसऱ्या एकाने त्याला विचारलं होतं की राग आवरतो का. तो प्रश्न बी.ई. झालेल्या कुणालाही विचारला नव्हता.

इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला, तिशीतला मुलगा आहे तो, माणसाची नड होती. तो म्हणाला, मी यांना एकदा खाली घेऊन जातो.

खाली काय झालं ते त्यानेच मला सांगितलं. दुसऱ्या तळघरात दोन चिलर, कंडेन्सर पंपांची रांग, पलीकडे जनरेटर. चीफने आत गेल्यावर काही विचारलं नाही. एका पंपाच्या बेअरिंगवर हाताचा मागचा भाग टेकवला, मग शेजारच्यावर, आणि पहिल्याकडे परत आला. ‘कपलिंग कधी उघडलं होतं? अलाइनमेंट गेलीय.’ गेलेलीच होती, सुट्या भागांची ऑर्डर पडलेली होती. डायलिसिसच्या आरओ प्लँटपाशी त्याने तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींची उत्तरं प्रमुखाला नीट देता आली नाहीत. बारावी सायन्सनंतर आर्टिफिसर, म्हणजे नौदलाचा तंत्रज्ञ, म्हणून भरती झालेला माणूस, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या इंजिनिअरिंग प्रशिक्षण केंद्रात शिकलेला. युद्धनौका स्वतःची वीज स्वतः करते, समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करते, आतली हवा थंड ठेवते आणि आग लागली तर फायर ब्रिगेडला फोन करू शकत नाही. म्हणून तिथे आग विझवणं आणि पाणी आत शिरलं तर रोखणं इंजिनवाल्यापासून स्वयंपाक्यापर्यंत प्रत्येकाला शिकवतात. रुग्णालयाला नेमका असाच माणूस हवा होता, आणि वरच्या मजल्यावर त्यांनी त्याला आत्मविश्वास कमी म्हणून जवळजवळ घालवला होता.

फायर पंपाच्या पॅनलपाशी तो क्षणभर थांबला आणि काही न बोलता पुढे गेला. त्यावर नंतर येतो.

पगाराची बैठक

शिफ्ट इन्चार्जच्या जागेवर आधी जो माणूस होता त्याला जो पगार होता, त्याच्या साधारण दोन-तृतीयांश चीफला देऊ केला गेला. मी ही फाइल पाहिली. एचआरने पूर्ण पगार लिहिला होता. फायनान्सने तो खोडून शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘पेन्शन आहे. मेडिकल फ्री.’

हे दोन्ही मुद्दे मी मुंबईत इतक्या कचेऱ्यांत ऐकले आहेत की त्यांचं उत्तर सविस्तरच द्यायला हवं. पेन्शन हा केलेल्या नोकरीचा मोबदला आहे, मागे ठेवलेला. नव्या मालकाने त्यात एक पैसा घातलेला नाही, तेव्हा ती आपल्या पगारातून वळती करून घ्यायचा त्याला काय अधिकार? ज्या उमेदवाराचा बोरिवलीत फ्लॅट भाड्याने दिलेला आहे किंवा ज्याची बायको बँकेत आहे, त्याचा पगार त्या कारणाने कुणी कापत नाही, विचारतसुद्धा नाही. मेडिकलचं म्हणाल तर माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना 1 एप्रिल 2003 पासून आहे आणि तिच्या नावातच अंशदान आहे. वर्गणी भरलेली असते. ती आहे म्हणून कंपनीच्या गटविम्यातून त्याला वगळणं हाही तसलाच प्रकार.

तत्त्व बाजूला ठेवलं तरी हे व्यवहारात महाग पडतं. कुणाचा पगार किती हे चहाच्या टपरीवर दुसऱ्या महिन्यात कळतं. चीफलाही कळलं. तो काही बोलला नाही, आणि इथेच नागरी मालक फसतो. सैन्यात पगारावर घासाघीस नसते; वेतन आयोग बसतो, तक्ता येतो, त्यात आपला हुद्दा शोधायचा. पगार मागून घ्यायचा असतो हे ज्याने वीस वर्षांत कधी केलं नाही तो नाराजी दाखवत नाही. तो मुकाट्याने दुसरी नोकरी बघतो. एचआरच्या तीन महिन्यांच्या फॉर्मवर चीफने सगळ्या रकान्यांत ‘समाधानी’ अशी खूण केली होती. त्या आठवड्यात तो पनवेलच्या एका डेटा सेंटरला मुलाखत देऊन आला होता.

गेटवरचा हवालदार

मराठा लाइट इन्फंट्री, चोवीस वर्षांची सेवा, सातारा जिल्ह्यातलं गाव. कुटुंब गावीच, स्वतः नालासोपाऱ्याला भाच्याकडे. त्याला दिलेला नियम सोपा होता: भेटीची वेळ पाच ते सात, एका रुग्णामागे एक पास.

एका संध्याकाळी तिथल्या एका राजकीय पक्षाचा स्थानिक पदाधिकारी चार माणसं घेऊन आला. पास एक. हवालदाराने एकाला सोडलं, बाकीच्यांना बाकावर बसायला सांगितलं. आवाज चढले, फोन झाला. ड्युटीवरचे प्रशासक खाली आले, पाचही जणांना लिफ्टपर्यंत सोडून आले आणि परत येताना सगळ्यांसमोर हवालदाराला म्हणाले, ‘जरा माणूस बघून वागत जा हो.’

दुसऱ्या दिवशी तो प्रशासकांच्या केबिनमध्ये गेला आणि त्याने विनंती केली की कुणाला पासशिवाय सोडायचं याची यादी लेखी मिळावी. प्रशासक हसले. अशी यादी असते का कुठे! पंधरा दिवसांत त्याने राजीनामा दिला, नोटिशीचा पूर्ण महिना भरला, चाव्या आणि रजिस्टरं मोजून ताब्यात दिली. पुढे तो एका सरकारी बँकेत लागला. परीक्षा त्याने आधीच दिलेली होती म्हणे, आणि एचआरने त्याचा उपयोग ‘हे लोक सरकारी नोकरीचीच वाट बघत असतात’ असा करून घेतला. बघतातच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण मला त्याने फोनवर सांगितलं की निकाल लागला तेव्हा त्याचं मन जायचं नव्हतं, बँकेचा पगार फार वेगळा नव्हता.

‘फौजी माणसं लवचीक नसतात’ हा या घटनेतून रुग्णालयाने काढलेला निष्कर्ष. मला तो सपशेल चुकीचा वाटतो. त्याच गेटवर 2010 च्या महाराष्ट्राच्या कायद्याचा बोर्ड आहे: वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर हिंसा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. बोर्ड लावायचा आणि त्याखाली उभ्या राहणाऱ्या माणसाला सांगायचं की माणूस बघून वाग. दोन नियम होते, एक लिहिलेला आणि एक न लिहिलेला. दुसरा कुठून कुठपर्यंत चालतो एवढंच त्याने विचारलं. ज्याला चोवीस वर्षं हुकुमाच्या पाठीशी हुकूम देणारा उभा राहतो असाच अनुभव आला, त्याला नेमकं तेच इथे मिळालं नाही. लवचीकता हवी असेल तर ती कुणाच्या सहीने हे ठरवायला प्रशासकांना कागदाचं एक पान लागलं असतं.

स्टोअरमधल्या हवालदाराबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, आणि तेच त्याचं यश. ऑर्डनन्समध्ये त्याने जन्मभर स्टोअर सांभाळलं. इथे दारूगोळ्याऐवजी इंजेक्शनं. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे, प्रत्येक कप्प्याच्या नोंदीच्या कार्डावर, म्हणजे बिन कार्डावर, प्रत्येक हालचाल. संगणकावरची प्रणाली शिकायला त्याला थोडा वेळ लागला, फार्मासिस्ट मुलीने शिकवली. त्याचा एकच वैताग होता: ओळख झालेला प्रत्येक जण तिसऱ्या वाक्याला कँटीनच्या बाटलीवर येई.

चीफ आणि त्याचा साहेब

आता फायर पंप. दुसऱ्या आठवड्यात चीफने लॉगबुकमध्ये लिहिलं की मुख्य पंप आणि डिझेल पंप दोन्हींचा स्विच ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’वर आहे. म्हणजे आग लागून स्प्रिंकलर फुटला तरी पंप आपोआप सुरू होणार नाही, कुणीतरी दोन मजले उतरून बटण दाबायला हवं. मुलाखतीच्या दिवशीच त्याने ते पाहिलं होतं. तेव्हा का बोलला नाहीस, असं मी विचारलं. ‘नोकरी मागायला गेलेल्यानं त्यांच्या घरातल्या उणिवा काढायच्या नसतात, सर.’

हे मुंबईत सर्रास चालतं. गच्चीवरच्या हायड्रंटच्या, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या लाइनला बारीक गळती असते, दाब उतरतो, तो दाब राखणारा छोटा जॉकी पंप दर काही मिनिटांनी सुरू होतो, अलार्म वाजतो, रात्रपाळीचा माणूस वैतागतो आणि सगळंच मॅन्युअलवर टाकतो. 2006 च्या राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याखाली वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा ‘बी’ फॉर्म परवानाधारक एजन्सीकडून द्यावा लागतो. एजन्सीच्या भेटीच्या दिवशी स्विच ऑटोवर जातो.

लॉगबुक क्वालिटी विभागाच्या हाती पडलं, कारण मानांकनाची तपासणी तोंडावर होती. इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला वर बोलावून झाडण्यात आलं. त्याच्या मते चीफने त्याला डावलून वर तक्रार केली. चीफच्या मते त्याने वर काहीच केलं नव्हतं, दोष दिसला तो लिहिला. जहाजावर दोष दिसून न लिहिणं हाच गुन्हा. पुढचे दोन महिने चीफला सलग रात्रपाळी लागली. प्रमुखाने मला सांगितलं की तो योगायोग होता. मला तसं वाटलं नाही, आणि मी तसं म्हणालो.

चीफला घेताना सगळ्यांना एकच काळजी होती: वयाने इतका मोठा माणूस या पोराचं ऐकेल का? खरं तर चीफला त्याची पुरी सवय होती. सैन्यात हेच रोज चालतं. बावीस-तेवीस वर्षांचा लेफ्टनंट येतो आणि त्याच्या हाताखाली चाळिशीचा सुभेदार असतो. ते निभतं, कारण त्या पोराला आधीच शिकवलेलं असतं की याचा हुकूम तू द्यायचास, पण हुकूम देण्याआधी याला विचारायचंस, आणि याला साहेब म्हणायचंस. शिकवणी साहेबाची होते, सुभेदाराची नव्हे. रुग्णालयाने चीफसाठी दोन दिवसांचं ‘कॉर्पोरेट संस्कृती’चं प्रशिक्षण ठेवलं होतं. प्रमुखासाठी काहीच नाही. तो त्याला ‘काका’ म्हणत होता, तेही मायेनेच.

आणखी एक गैरसमज होता. चीफ फोन उचलत नाही अशी तक्रार होती. वीस वर्षं इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाच्या कानांचं काय होतं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, रुजू होतानाच्या तपासणीत ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची चाचणी, नव्हता. रुग्णालयाच्याच ईएनटी विभागाने तो केला. वरच्या पट्टीतला आवाज त्याला कमी ऐकू येतो, आणि प्लँटरूममधल्या फोनची घंटी नेमकी त्या पट्टीतली. फोनवर लाल दिवा बसवला, दीडेकशे रुपयांचा.

यात 14 जानेवारी आला. 1953 साली याच तारखेला लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा निवृत्त झाले म्हणून तो माजी सैनिक दिन पाळतात. एचआरने ऑडिटोरियममध्ये सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, मोठा फ्लेक्स, फोटो. चीफ रात्रपाळी करून सकाळी आठला सुटला होता, त्याला अकरापर्यंत थांबवून घेतलं. ज्याचा पगार कापला आणि ज्याला सलग रात्रपाळी लावली त्याला शाल! मॅडमना हे मी एवढ्याच शब्दांत सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, ही त्यांची मोठी गोष्ट.

पुढे काय केलं

पगार आधी. जागेचा पगार जागेचा राहील, पेन्शनचा उल्लेख नियुक्तीच्या कुठल्याही कागदावर येणार नाही, असं मॅडमनी विश्वस्तांकडून मंजूर करून घेतलं. चीफला पुढच्या महिन्यापासून पूर्ण पगार मिळाला. मागच्या महिन्यांचा फरक दिला नाही. फायनान्सने ‘पायंडा पडेल’ म्हटलं. मी द्यावा म्हणालो होतो आणि अजूनही माझं तेच मत आहे.

दुसरं, प्रमुखाशी मी दोनदा एकट्याने बोललो. त्याचा अहंकार दुखावला होता हे खरं, पण त्याहून जास्त तो घाबरला होता. बी फॉर्मच्या कागदांवर त्याच्याही सह्या होत्या. मग तिघांनी बसून एक साधी रीत ठरवली: दोष दिसला की त्याच पाळीत प्रमुखाला तोंडी सांगायचं, आणि त्याच पाळीत लॉगबुकमध्ये लिहायचंच. प्रमुखाने लिहू नको म्हणायचं नाही, चीफने न सांगता लिहायचं नाही. सकाळची फेरी दोघांनी मिळून मारायची. रात्रपाळ्या सगळ्यांना फिरत्या. गच्चीवरची गळती महिनाभरात काढली, पंप ऑटोवर आहे, स्विचला कुलूप आहे आणि चावी दोघांकडे आहे.

तिसरं कागदांचं, आणि हे बहुतेक मालक विसरतात. नौदलाचं कौशल्य असलं तरी नागरी परवाने आपोआप मिळत नाहीत. निर्जंतुकीकरणाचा बॉयलर चालवायला राज्याच्या बाष्पके संचालनालयाचं अटेंडंटचं प्रमाणपत्र, विजेच्या कामावर देखरेख करायला विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना. हे नसेल तर चीफ कायम शिफ्ट इन्चार्जच राहणार. रुग्णालयाने विद्युत पर्यवेक्षकाच्या परीक्षेची फी आणि अभ्यासाची सुट्टी मान्य केली. डेटा सेंटरचं बोलावणं चीफने यानंतर परतवलं. पगारासाठी थांबला की यासाठी, ते मी विचारलं नाही. प्रमुख आता त्याला ‘चीफसाहेब’ म्हणतो.

गेटचा नियम दुरुस्त व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण तो प्रशासकांना बांधणारा होता. आता अपवाद करायचा तर ड्युटीवरच्या प्रशासकाची सही पासवर लागते. गेटवर मात्र पुन्हा एजन्सीचीच मुलं आहेत, माजी सैनिक नाही.

सध्या इंजिनिअरिंगमध्ये तंत्रज्ञाच्या दोन जागा रिकाम्या आहेत आणि त्यांवर घोळ चालू आहे. प्रमुखाला त्या नौदलातल्या अग्निवीरांसाठी ठेवायच्या आहेत. जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या या योजनेतली पहिली मुलं 2026 च्या अखेरीस चार वर्षं पुरी करतात. त्यांतली जास्तीत जास्त एक-चतुर्थांश पुढे ठेवली जातील, बाकीची पंचविशीच्या आत-बाहेर बाहेर पडतील. त्यांच्या हाती सेवानिधीचे सुमारे 11.71 लाख रुपये असतील, पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. चीफचं मत वेगळं आहे. चार वर्षांत माणूस मशीन चालवायला शिकतो, उघडायला नाही, असं तो म्हणतो. घ्या, पण हेल्पर म्हणून राबवू नका, पहिली दोन वर्षं त्यांना शिकवायची जबाबदारी कुणाची ते आधी लिहून द्या. मॅडमना जागा आत्ताच भरायच्या आहेत, कारण उन्हाळ्यात चिलर बंद पडला तर ऑपरेशन थिएटर बंद पडतं. निर्णय विश्वस्तांकडे गेला आहे.